मोटरहोम, फॅक्टरी आणि मधला माणूस

दीड-दोन लाख डॉलरची वस्तू घ्यायची, तर ती बनवणाऱ्याच्या दारात जाऊन घ्यावी की विकणाऱ्याच्या? माझ्या वयाच्या लोकांना हा प्रश्न सहसा पडत नाही. गादी, चष्मा, कॉफी, प्रोटीन पावडर, सगळं आम्ही थेट कंपनीच्या ॲपवरून मागवतो. मधला माणूस म्हणजे फुकटचं कमिशन, हे आमच्या पिढीनं गृहीतच धरलंय. आजोबा ज्या सुरात अडत्याचं नाव घ्यायचे, त्याच सुरात आम्ही डीलरचं घेतो.

अमेरिकेतल्या मोटरहोमच्या धंद्यात हा प्रश्न गेली साठेक वर्षं जिवंत आहे. तिथल्या बहुतेक कंपन्या फक्त डीलरमार्फत विकतात. फॅक्टरीच्या गेटवर पैसे घेऊन गेलात, तर ते तुम्हाला जवळच्या डीलरचा पत्ता देतील. मूठभर कंपन्यांनी मात्र वर्षानुवर्षं डीलर नेमलाच नाही. या दोन वाटा कशा पडल्या, आणि घेणाऱ्याला त्यातली कोणती परवडली, याची ही गोष्ट आहे.

आधी मोटरहोम म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत 'आरव्ही' या एका नावाखाली दोन जाती येतात. एक, गाडीमागे ओढून न्यायचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. दुसरी, स्वतःचं इंजिन असलेलं घर, म्हणजे मोटरहोम. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, पाण्याच्या टाक्या आणि जनरेटर. निवृत्त झालेली जोडपी राहतं घर विकून वर्षानुवर्षं यातच राहतात, त्यामुळे अनेकांसाठी ही चैनीची वस्तू नसून आयुष्यभराची पुंजी असते.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवायला हवी. मोटरहोम सहसा एका कंपनीचं नसतं. आपल्या एसटीचं उदाहरण घ्या. टाटा किंवा लेलँडकडून चासी यायची आणि दापोडीच्या वर्कशॉपमध्ये तिच्यावर बॉडी चढायची. मोटरहोमचंही तसंच. चासी आणि इंजिन फोर्ड किंवा फ्रेटलायनरचं, जनरेटर ओनानचा, फ्रीज डोमेटिक किंवा नॉरकोल्डचा, आणि या सगळ्याभोवती भिंती उभ्या करणारी कंपनी तिसरीच. आमच्या भाषेत सांगायचं तर 'फॅक्टरी' ही इथे इंटिग्रेटर आहे. तेव्हा 'थेट फॅक्टरीतून' म्हणताना नेमकी कोणाची फॅक्टरी, हा प्रश्न सुरुवातीपासूनच उभा आहे.

*

डीलर आला कुठून? अमेरिकेत मोटारी नव्या होत्या तेव्हा त्या विकायची ठरलेली पद्धतच नव्हती. कोणी कारखान्यातून थेट विकायचं, कोणी फिरत्या एजंटामार्फत, कोणी डिपार्टमेंट स्टोअरमधून. डेट्रॉइटच्या विल्यम मेट्झगर या सायकलवाल्यानं १८९० च्या दशकाच्या अखेरीस मोटारींचं दुकान काढलं. अमेरिकेतला पहिला स्वतंत्र मोटार डीलर म्हणून सहसा त्याचंच नाव घेतलं जातं.

थेट विक्रीचा सगळ्यात धीट प्रयोग सिअर्स या कंपनीनं केला. सिअर्सचा जाडजूड कॅटलॉग तेव्हा अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या घरात असायचा. बियाण्यांपासून शिलाई मशीनपर्यंत काहीही टपालानं मागवा. १९०८ पासून त्यात चक्क मोटारही आली. चारशे डॉलरच्या आतबाहेर किंमत, मोठाली बग्गीसारखी चाकं, आणि गाडी खोक्यात भरून रेल्वेनं तुमच्या स्टेशनवर. चार वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास गाड्या गेल्या आणि १९१२ मध्ये प्रयोग बंद पडला, कारण त्या किमतीत कंपनीला परवडेना. शिलाई मशीन खोक्यातून काढून चालवता येतं. मोटार बिघडली की मात्र जवळपास कोणीतरी लागतं, आणि कॅटलॉगला ते देता येत नव्हतं.

पण डीलर टिकला तो दुरुस्तीमुळे नव्हे. त्याचं खरं काम वेगळंच होतं, आणि ते १९२०-२१ च्या मंदीत उघडं पडलं. हेन्री फोर्डनं १९१९ मध्ये कर्ज काढून बाकीच्या भागधारकांना विकत घेतलं होतं. पुढच्याच वर्षी मंदी आली, गाड्या पडून राहिल्या, आणि कर्ज फेडायची तारीख जवळ आली. फोर्डनं बँकेकडे हात पसरला नाही. डिसेंबर १९२० मध्ये कारखाना बंद ठेवला आणि तयार गाड्या, सुटे भाग देशभरच्या डीलरांकडे रवाना केले. त्यांनी मागवले असोत वा नसोत, माल पोचल्यावर रोख पैसे द्यायचे. नाही दिले तर डीलरशिप गेली. मग डीलर आपापल्या गावच्या बँकेत गेले, कर्ज काढलं, आणि फोर्डचे पैसे चुकते केले. एका माणसाचं कर्ज हजारो छोट्या दुकानदारांच्या अंगावर वाटलं गेलं.

माझ्या मते डीलर या माणसाची खरी व्याख्या इथे सापडते. कारखान्याला रोज माल बनवायचा असतो आणि गिऱ्हाईक रोज येत नाही. या दोहोंमधलं अंतर कोणाच्या तरी पैशानं भरायचं असतं. डीलर तो पैसा आणतो. आजही तिथला डीलर लॉटवरच्या गाड्या स्वतःच्या खिशातून घेत नाही. 'फ्लोअर प्लॅन' नावाचं कर्ज असतं. गाडी फॅक्टरीतून निघाली की कर्ज देणारी संस्था फॅक्टरीला पैसे देते आणि गाडी विकेपर्यंत व्याजाचं मीटर डीलरच्या नावावर चालू राहतं. लॉटवर सहा महिने उभ्या असलेल्या मोटरहोमच्या किमतीत तेही व्याज मुरलेलं असतं.

फोर्डच्या त्या खेळीची आठवण डीलरांनी ठेवली. तीसच्या दशकातल्या महामंदीत तोच प्रकार पुन्हा झाल्यावर ते संघटित झाले आणि राज्याराज्यांच्या विधिमंडळांत गेले. विस्कॉन्सिननं १९३७ मध्ये पहिल्या कायद्यांपैकी एक केला. १९५६ मध्ये केंद्रीय कायदा आला. त्याचं नावच सांगतं की भांडण कशाचं होतं: 'ऑटोमोबाइल डीलर्स डे इन कोर्ट ॲक्ट'. कंपनीनं अप्रामाणिकपणे डीलरशिप तोडली, तर डीलरला कोर्टाची पायरी चढता येईल. पुढच्या दशकांत राज्यांचे कायदे आणखी कडक होत गेले आणि बहुतेक राज्यांत कोणत्या ना कोणत्या रूपात असं ठरलं की मोटार बनवणाऱ्यानं ती गिऱ्हाइकाला स्वतः विकायची नाही. मोटरहोमला इंजिन असतं, म्हणून अनेक राज्यांत तेही या जाळ्यात आलं.

म्हणजे छोट्या दुकानदाराला मोठ्या कारखानदारापासून वाचवायला केलेले हे कायदे. गिऱ्हाईक त्या खोलीत नव्हतंच. आज डीलरशिपच्या साखळ्याच अब्जावधी डॉलरच्या झाल्या आहेत, पण कायदा अजून त्या गावच्या दुकानदाराच्या नावानं उभा आहे.

*

आता मोटरहोमकडे येऊ. श्रीमंतांसाठी फिरती घरं फार आधीपासून होती. पिअर्स-ॲरो कंपनीनं १९१० मध्येच 'टूरिंग लँडॉ' नावाची गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली होती, मागची सीट पलंग होणारी. पण साठच्या दशकापर्यंत बहुतेक 'हाउस कार' हौशी लोकांनी जुन्या बसमधून स्वतः बनवलेल्या असायच्या. जुलै १९६३ मध्ये खग्रास सूर्यग्रहण बघायला मेन राज्यातल्या हिंकली गावी अशा २६ गाड्यांची कुटुंबं जमली आणि तिथेच त्यांनी संघटना काढली, 'फॅमिली मोटर कोच असोसिएशन'. ती अजून चालू आहे. या लोकांना ना फॅक्टरी होती ना डीलर. नळ गळला तर तो बसवणारा माणूस स्वतःच होता.

मिशिगनमधल्या ब्राउन सिटीच्या रे फ्रँक यांनीही असंच स्वतःच्या कुटुंबाच्या सुट्टीसाठी एक घर बांधलं. लोक विचारू लागले, म्हणून १९६० च्या सुमारास डॉजच्या चासीवर विकायला बनवणं सुरू केलं. 'मोटर होम' हा शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यांना देतात.

पण मोटरहोम मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणलं ते आयोवातल्या फॉरेस्ट सिटीनं. पन्नासच्या दशकात तिथली शेती अडचणीत होती, तरुण मुलं गाव सोडत होती. जॉन हॅन्सन हा गावातला फर्निचरवाला. सोबत अंत्यविधीची व्यवस्था करण्याचाही धंदा. त्यानं आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी खटपट करून १९५८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका ट्रेलर कंपनीला गावात कारखाना काढायला लावला. कारखाना लवकरच गटांगळ्या खाऊ लागला, तेव्हा हॅन्सननं तो हातात घेतला. तीच पुढे विनेबागो. १९६६ मध्ये तिथून पहिलं मोटरहोम बाहेर पडलं, स्पर्धकांच्या जवळपास अर्ध्या किमतीत, आणि १९७० मध्ये कंपनी न्यूयॉर्क शेअर बाजारात होती.

अर्धी किंमत जमली कशी? मोटारींसारखी असेंब्ली लाइन, हलके थर्मो-पॅनल, आणि जमेल तितके भाग स्वतःच्या कारखान्यात. पण असेंब्ली लाइन थांबवता येत नाही. आज मागणी नाही म्हणून उद्या सगळ्यांना सुट्टी, असं केलं तर ती स्वस्ताई संपते. म्हणजे रोज निघणारा माल कोणीतरी रोज उचललाच पाहिजे. तेव्हा विनेबागोला डीलर हवेच होते. अर्धी किंमत आणि डीलर ही एकाच नाण्याची दोन अंगं होती, आणि डीलरला शिव्या घालणारे हे सहसा विसरतात.

हॅन्सन मुळात दुकानदार होता, हेही मला महत्त्वाचं वाटतं. या धंद्यात असे बरेच आहेत. इंडियानातल्या एल्कहार्टमध्ये विल्बर शुल्ट यांनी तीसच्या दशकात आधी दुसऱ्यांचे ट्रेलर विकले, मग स्वतःचे बनवले. अलाबामातल्या रेड बे गावी बॉब टिफिन यांच्या घरचं बांधकाम-सामानाचं दुकान होतं. गावातल्या आरव्ही कारखान्याला ते माल पुरवायचे. तो कारखाना बंद पडल्यावर १९७२ मध्ये त्यांनी यंत्रसामग्री घेतली आणि टिफिन मोटरहोम्स सुरू झाली. हे लोक आधी काउंटरच्या विकणाऱ्या बाजूला उभे राहिले होते. त्यांच्या डोळ्यांसमोरचं गिऱ्हाईक म्हणजे दुकानदार, यात नवल नाही.

एल्कहार्ट हे आज या धंद्याचं माहेरघर. अमेरिकेतल्या आरव्हींपैकी ८० टक्क्यांच्या आसपास याच परिसरात बनतात. दर सप्टेंबरमध्ये तिथे 'ओपन हाउस' भरतं. कंपन्या पुढच्या वर्षीची मॉडेलं मांडतात आणि देशभरचे डीलर ऑर्डरी देतात. कुटुंबांसाठी हा मेळा नसतोच.

ऑफिसमध्ये रजा टाकायचं पोर्टल आठवा. ते इतकं भिकार का असतं? कारण ते वापरतो आपण आणि विकत घेतो एचआर. ज्याच्या हातात पर्चेस ऑर्डर, त्याच्यासाठी फीचर बनतात. मोटरहोमचंही तेच झालं. डीलरला हवी असते लॉटवर पाच मिनिटांत भुरळ पाडणारी गाडी: दगडी दिसणारा ओटा, मोठा टीव्ही, एलईडीच्या माळा. भिंतीतलं इन्सुलेशन किंवा ओट्याखालच्या पाइपांची जोडणी पाच मिनिटांत दिसत नाही. ती तिसऱ्या पावसात दिसते. किमतीचंही तसंच. छापील किमतीवर वीस-तीस टक्के सूट मागितल्याशिवाय सही करू नका, हा तिथला सर्वसामान्य सल्ला. ज्या किमतीला कोणीच घेत नाही ती छापायची कशाला? १९५८ मध्ये कायद्यानं नव्या मोटारींच्या काचेवर अधिकृत किमतीचा कागद सक्तीचा केला, पण मोटरहोम त्या कायद्यात बसत नाही.

*

आता दुसरी वाट. लॉस एंजेलिस परिसरात १९५६ पासून एड न्यूटन यांची 'लेझी डेझ' ही कंपनी होती. पुढे तिचा कारखाना माँटक्लेअरला. तिथे डीलर नाही, सेल्समन नाही, घासाघीस नाही. किंमत एकच, सगळ्यांना तीच. ऑर्डर द्यायची, आगाऊ रक्कम भरायची, काही महिने थांबायचं, आणि गाडी तयार झाली की कारखान्यात जाऊन घेऊन यायची. (गंमत म्हणजे १९७६ मध्ये फ्लोरिडातल्या टँपाला दोन ट्रेलर घेऊन एक दुकान सुरू झालं, ते पुढे देशातल्या सगळ्यात मोठ्या आरव्ही डीलरांपैकी एक झालं, आणि त्याचंही नाव 'लेझीडेझ'. स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच, संबंध काही नाही. थेट विकणाऱ्याचा आणि डीलरचा याहून मोठा घोळ कोणी ठरवूनही केला नसता.)

दुसऱ्या टोकाला ओक्लाहोमातल्या मायामी गावची 'नेवेल'. दहा लाख डॉलरच्या वरचे कोच, वर्षाला मोजकेच, गिऱ्हाइकाच्या मापानं शिवल्यासारखे आणि थेट. ट्रेलरमध्ये मिनेसोटाची 'स्कँप', टेक्सासची 'कसिटा'. अंड्यासारखे फायबरग्लासचे छोटे ट्रेलर, तेही दशकानुदशकं कारखान्यातूनच.

या सगळ्यांत एक साम्य आहे. कोणीही मोठं झालं नाही. गिऱ्हाइकानं आगाऊ दिलेला पैसा हाच त्यांचा फ्लोअर प्लॅन. त्यामुळे ऑर्डर असेल तेवढंच बनवायचं. मंदीत रांग आखडते आणि तेजीत लांबते, पण लॉटवर व्याज खात उभा माल नसतो. गाडी बनवणाऱ्याला ती कोणासाठी बनतेय हे माहीत असतं. तक्रार आली तर ती त्याच्याच फोनवर येते. सॉफ्टवेअरमध्ये ज्यानं कोड लिहिला त्यालाच रात्री दोन वाजता उठवलं तर कोड सुधारतो, असा आमच्याकडे अनुभव आहे. इथेही तसंच होत असावं. स्कँप आणि कसिटाच्या बाबतीत तर वस्तूच अशी निवडलेली आहे की तिला जोड कमी. दोन साच्यांतले भाग एकमेकांवर बसवले की घर तयार. जोड कमी म्हणजे गळती कमी, आणि दूरच्या गिऱ्हाइकाचे फोनही कमी.

कायद्याची वाट या लोकांनी कशी काढली? राज्याराज्यांत फरक आहे, पण एक धागा मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालात स्पष्ट दिसतो. टेस्लानं त्या राज्यात स्वतःचं दुकान काढलं म्हणून डीलरांच्या संघटनेनं दावा लावला. न्यायालयानं म्हटलं की हा कायदा डीलरांना त्यांच्या स्वतःच्या कंपनीच्या अन्यायापासून वाचवण्यासाठी आहे. ज्या कंपनीचे तुम्ही डीलरच नाही, तिच्याविरुद्ध तुम्हाला दावा लावता येणार नाही. म्हणजे ज्यानं एकदा डीलर नेमला त्याला माघारी वळणं फार कठीण. ज्यानं कधीच नेमला नाही, त्याला निदान वाद घालायला जागा आहे. सगळी राज्यं इतकी उदार नाहीत. मिशिगनमध्ये टेस्लाला तडजोड मिळायला २०२० उजाडलं.

थेट विक्रीचा हिशोब मात्र पूर्ण मांडायला हवा, कारण तिच्या भक्तांना तो अर्धाच दिसतो. डीलर जुनी गाडी बदल्यात घेतो, फॅक्टरी सहसा घेत नाही. ती तुम्हीच विकायची. गाडी बनायच्या आधी मोठी रक्कम तुमची अडकते. कारखाना मधेच बुडाला तर तुम्ही देणेकऱ्यांच्या रांगेत. आणि माँटक्लेअरहून घेतलेली गाडी तीन हजार मैलांवर मेनमध्ये गळू लागली तर? डीलरच्या कमिशनातून जे वाचलं, त्यातलं बरंचसं तुम्ही स्वतः डीलरची कामं करून फेडत असता. फरक एवढाच की कशाचे पैसे देतोय हे तुम्हाला कळतं.

*

डीलरकडून घेतलं की दुरुस्तीची काळजी मिटली, असंही नाही. मोटरहोम ही अनेक कंपन्यांची बेरीज, म्हणून वॉरंटीही अनेक. इंजिन बिघडलं तर फोर्डचं सर्व्हिस सेंटर, फ्रीज बिघडला तर त्याची कंपनी, भिंत उकलली तर बॉडी बनवणारा. जिथे दोन गोष्टी जोडल्या जातात तिथलं भांडण सगळ्यात वाईट. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ज्यानं कधी तीन व्हेंडरच्या सिस्टिम जोडल्या असतील त्याला हा कॉल ओळखीचा वाटेल.

कायद्यालाही ही वस्तू नेमकी काय आहे ते उमगलं नाही. सदोष गाडी परत घ्यायला लावणारे 'लेमन लॉ' कनेक्टिकटनं १९८२ मध्ये सुरू केले आणि देशभर पसरले. पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नव्या मोटार वाहनाच्या व्याख्येत मोटरहोमची चासी आणि गाडी चालवणारा भाग येतो, राहण्याचा भाग येत नाही. त्याला साध्या ग्राहक-वस्तूंचे नियम. एकाच गाडीच्या ड्रायव्हर सीटला एक कायदा आणि मागच्या पलंगाला दुसरा.

याचा परिणाम बघायचा तर रेड बे गाव बघावं. तीनेक हजार वस्ती. टिफिनच्या गाड्या विकायचे डीलरच, पण दुरुस्तीसाठी मालक थेट अलाबामात यायचे, कारण जिथे गाडी बनली तिथली माणसं ती नीट उघडू शकतात. कंपनीनं मोठं सर्व्हिस सेंटर उभारलं. लोक आपल्याच मोटरहोममध्ये मुक्काम ठोकून नंबर लागायची वाट बघत. मधल्या माणसाला कमिशन देऊन घेतलेली गाडी शेवटी फॅक्टरीच्या दारातच उभी. लोकांना टिफिन आवडायची ती यासाठीच. २०२० च्या डिसेंबरात ती कंपनी थॉर इंडस्ट्रीजनं घेतली. थॉरची सुरुवात १९८० मध्ये, एअरस्ट्रीम विकत घेऊन झाली होती. आज जेको, टिफिन, जर्मनीची हायमर हे सगळं तिच्याकडे. फॉरेस्ट रिव्हर २००५ पासून वॉरन बफेंच्या बर्कशायर हॅथवेकडे. लॉटवर वीस वेगवेगळी नावं दिसली तरी मागे मालक दोन-तीनच.

आणि मग २००८. हा धंदा दोन गोष्टींवर चालतो, पेट्रोल आणि व्याजदर, पण त्या वर्षी तिसरी गोष्ट आटली: फ्लोअर प्लॅन. कर्ज देणाऱ्या संस्था मागे हटल्या, डीलर नवा माल उचलेनात. २००६ मध्ये जवळपास ३ लाख ९० हजार आरव्ही कारखान्यांतून निघाल्या होत्या, २००९ मध्ये १ लाख ६६ हजारांच्या आसपास. मार्च २००९ मध्ये फ्लीटवुड आणि मोनॅको या दोन बड्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. एल्कहार्टची बेकारी देशात सर्वाधिक वाढलेल्यांपैकी होती. फेब्रुवारीत नवे अध्यक्ष ओबामा तिथे जाऊन आले ते याचसाठी. मोनॅकोची मालमत्ता नॅव्हिस्टारनं घेतली, पण जुन्या गाड्यांच्या वॉरंटीचं ओझं घेतलं नाही. पाच वर्षांची लेखी हमी हातात घेऊन बसलेल्या मालकांकडे उरला तो फक्त डीलर, तोही तोवर टिकला असेल तर. अशा वेळी चांगल्या डीलरनं स्वतःच्या खर्चानं केलेलं काम त्या कमिशनची फेड होती, हे कबूल करायला हवं. वाईट डीलरकडे अर्थातच फोन उचलला जात नसे.

बारा वर्षांनी उलटं चक्र. कोव्हिडमध्ये विमानं बंद, हॉटेलं बंद, म्हणून २०२१ मध्ये सहा लाखांवर आरव्ही निघाल्या, आजवरचा उच्चांक. डीलरांनी मिळेल तो माल उचलला. मग व्याजदर चढले, मागणी घसरली आणि २०२३ मध्ये आकडा ३ लाख १३ हजारांच्या आसपास आला. मोठमोठ्या लॉटवर महागात घेतलेला माल व्याज खात उभा राहिला. १९२१ मध्ये फोर्डनं लादलेलं ओझं या वेळी डीलरांनी स्वतः मागवून घेतलं होतं. त्या काळात ज्यांनी थांबायची तयारी ठेवली त्यांना डीलरकडे अशा सवलती मिळाल्या, ज्या एकच किंमत लावणारी कुठलीही फॅक्टरी देऊ शकली नसती. म्हणजे डीलरकडून स्वस्तात घ्यायचं असेल, तर तो अडचणीत असताना जावं लागतं.

जनरल मोटर्सनं एकदा ही सगळी गुंतागुंत सोडवायचा प्रयत्न केला होता. १९७३ ते १९७८ च्या मॉडेलांत जीएमसी मोटरहोम, चासीही त्यांची आणि बॉडीही त्यांची. पुढच्या चाकांना ताकद, त्यामुळे जमिनीलगतचा फरशीसारखा तळ, मागे हवेचं सस्पेन्शन. विक्री आणि दुरुस्ती जीएमसी ट्रकच्या देशभरच्या डीलरांकडे. एक फॅक्टरी, एक वॉरंटी, गावोगाव डीलर. बारा हजार नऊशेच्या आसपास गाड्या बनल्या आणि कंपनीनं कारखाना ट्रकांसाठी वळवून ते मॉडेल बंद केलं. त्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. मागच्या सस्पेन्शनच्या हवेच्या बॅगा आता छोटे छोटे कारागीर बनवतात, आणि कुठल्या कारागिराची बॅग टिकते हे विचारायला मालक एकमेकांना फोन करतात.